पट्टी जाताना, पट्टी येताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या संस्थेचे संचालक महोदय. प्रवासाची दगदग सोसून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलेल्या, आणि नुसतं बसून राहायची सवय नसल्यामुळे सारखी चुळबुळ करणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती. प्रयोगशाळांमधले माझे सहकारी, कार्यालयातली आणि कार्यशाळेतली मंडळी, विद्यार्थी मित्रमैत्रिणी. आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची स्वतःला आणि एक पुष्पगुच्छाला अडवून बसलेले माझे दादा. आपणां सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

आता पहिलाच प्रश्न तुमच्या मनात आला असेल, की या बाईंना बोलायला कोणी उभं केलं? प्रश्न रास्त आहे. तळघरातल्या सूक्ष्मदर्शक विभागाच्या प्रमुख आज निवृत्त होताहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलायला तिसऱ्या मजल्यावरच्या पेशी विभागातून मला बोलावलंय. या दोन विभागांचं किती पटतं हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नव्याने आलेल्यांसाठी सांगते, की सत्कारमूर्ती माझ्या सख्ख्या भावाच्या पत्नी आहेत. म्हणजे मी नणंद आणि त्या भावजय. एका इमारतीत नोकरी, एका आवारात राहणं, आणि रविवारचं जेवण एका टेबलावर. आता सांगा, भांडायला आणखी काय लागतं?

घरी मी त्यांना "वहिनी, तू" म्हणते आणि संस्थेत "मॅडम, तुम्ही". त्याही मला तसंच. दादांना मात्र यातून एक फायदा झाला. रविवारी जेवताना आमच्यापैकी कोणी "मॅडम" असा शब्द काढला, की ते मुकाट्याने आपलं ताट उचलून बाहेरच्या खोलीत जात. भांडण सुरू झाल्याची त्यांना आगाऊ सूचना मिळायची. दादा, हसू नका, खरं आहे ते.

तर मॅडमनी, इथे मी त्यांना मॅडमच म्हणणार, या भाषणासाठी मला तीन अटी घातल्या आहेत. रडायचं नाही. उगीच कौतुक करायचं नाही. आणि एक तरी गोष्ट अशी सांगायची, की जी ऐकून लोक घरी जाताना काहीतरी शिकून जातील. तिसऱ्या अटीवर मी म्हटलं, "अगं, निरोप समारंभ आहे, वर्ग नाही." तर म्हणाल्या, "मग मी येतच नाही." निरोप ज्यांना द्यायचा त्याच येणार नसतील तर हार कोणाला घालायचा? मी हात टेकले.

म्हणून मी आज तुम्हांला पट्टीची गोष्ट सांगणार आहे.

संचालक महोदय, आत्ताच घड्याळाकडे पाहू नका. गोष्टीत तुम्हीही आहात.

ज्यांनी तळघरात पाऊल ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी आधी पट्टी म्हणजे काय ते सांगते. कागदोपत्री तिला कँटिलिव्हर म्हणतात. पोहण्याच्या तलावावर उडी मारायची फळी असते ना, एक टोक घट्ट आवळलेलं आणि दुसरं पाण्यावर मोकळं? तशीच ही. फक्त हिची लांबी मिठाच्या कणाएवढी, रुंदी केसाएवढी, आणि जाडी विचारूच नका. मॅडमचा जो सूक्ष्मदर्शक आहे, अणुबल सूक्ष्मदर्शक, तो डोळ्यांनी पाहतच नाही. तो आंधळ्या माणसासारखा चाचपतो, आणि ही पट्टी म्हणजे त्याचं बोट. पट्टी खाली उतरते, समोरच्या वस्तूला टेकते आणि वाकते. पट्टीच्या पाठीवर लाल प्रकाशाचा ठिपका पाडलेला असतो. पट्टी वाकली की परतणारा ठिपका सरकतो. ठिपका किती सरकला यावरून पट्टी किती वाकली, आणि किती वाकली यावरून जोर किती लागला, हे आपण काढतो. सोपं आहे की नाही?

अजिबात नाही. मॅडम मान हलवताहेत ते दिसतंय मला. त्यांच्या मते जगातले सगळे घोळ "सोपं आहे" या दोन शब्दांपासून सुरू होतात.

त्यांचं पट्टीवरचं प्रेम काय वर्णावं! पट्ट्यांच्या डबीवर कारखान्याने कडकपणाचा आकडा छापलेला असतो. मी आपली तो आकडा घेऊन कामाला लागणारी. मॅडम म्हणायच्या, "डबीवर छापलंय म्हणून खरं? तुमच्या नवऱ्याच्या पत्रिकेवर काय काय छापलं होतं, आठवतंय?" मग प्रत्येक पट्टी त्या स्वतः तपासणार. पट्टी हवेत नुसती ठेवली तरी उष्णतेने बारीक थरथरत असते. त्या थरथरीवरून तिचा कडकपणा ओळखायचा. विद्यार्थी म्हणायचे, बाई पट्टीची नाडी बघतात.

पेशींसारखी मऊ वस्तू मोजायची असेल तर पट्टीच्या टोकाला पिठाच्या कणाएवढी काचेची गोळी चिकटवावी लागते. टोकदार सुई पेशीत घुसते, गोळी नुसती दाबते. ही गोळी चिकटवणं हे या इमारतीतलं सगळ्यात अवघड काम. मॅडम ते करताना श्वास रोखून धरतात, आणि खोलीत असलेल्या प्रत्येकाने रोखावा अशी अपेक्षा ठेवतात. एकदा ऐन त्या क्षणी आपले संचालक दार उघडून आत आले आणि म्हणाले, "काय चाललंय?" मॅडमनी मागे न बघता एक बोट वर केलं. संचालकांनीही श्वास धरला. गोळी काही चिकटेना. संचालक आधी गुलाबी झाले, मग लाल झाले, आणि जांभळे व्हायच्या बेतात असताना गोळी चिकटली. त्यानंतर संचालक तळघरात येताना आधी फोन करू लागले. खरं की नाही, साहेब?

आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण माझ्या लक्षात आलंय की अजून मी एकही कामाची गोष्ट सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हां दोघींना मिळून एक विद्यार्थिनी मिळाली. तिचं नाव घेतलं की ती लाजते, म्हणून सगळे म्हणतात तेच मी म्हणते: गुणी. पहिल्या आठवड्यात ज्याने त्याने "किती गुणी मुलगी आहे" म्हटलं आणि तेच तिला चिकटलं. सांगितलं ते करणार, जसं सांगितलं तसंच करणार, आणि दोन मोठ्या माणसांपैकी कोणालाही दुखावणार नाही. अशा मुलीला दोन मार्गदर्शक, आणि तेही नणंद-भावजय! मला सांगा, यापेक्षा कठीण परीक्षा कोणत्या विद्यापीठाने घेतली असती?

तिचा विषय होता हृदयाच्या पेशींचा. आजारात या पेशी ताठर होतात. एक नवं औषध दिलं तर त्या पुन्हा मऊ होतात का, हे तिला मोजून दाखवायचं होतं. आम्ही दोघींनी कामाची वाटणी केली, अगदी शहाण्यासारखी. माझ्याकडेही एक लहान यंत्र होतं, म्हणून औषध न दिलेल्या पेशी माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर मोजायच्या, आणि औषध दिलेल्या पेशी मॅडमकडे तळघरात. निम्मं श्रेय मॅडमचं, निम्मं माझं. कोणाचा रुसवा नको.

आणि काय सांगू, निकाल आला तो डोळे दिपवणारा! औषध दिलेल्या पेशी चांगल्या तिसऱ्या हिश्श्याने मऊ निघाल्या. मी पेढे... नाही, मी अख्ख्या मजल्याला आइस्क्रीम वाटलं. संचालकांनी वार्ताहरांना बोलावण्याची भाषा सुरू केली. गुणीचा प्रबंध लिहून होत आला. इथे प्रमुख पाहुण्या म्हणून बसलेल्या बाई तेव्हा तिच्या परीक्षक होत्या. त्यांनी तोंडी परीक्षेची तारीखही दिली.

सगळे आनंदात आणि एकटी गुणी मात्र पुन्हा पुन्हा आकडे चाळत बसलेली. ही मुलगी आज्ञाधारक आहे, पण भोट नाही. तिच्या मनात एक किडा वळवळला. तिने औषध न दिलेल्या पेशींची एक वाटी घेतली, आधी माझ्याकडे मोजली, मग तीच वाटी अलगद हातात धरून जिना उतरली आणि तळघरात मोजली. त्याच पेशी, तीच पट्टी, आणि तळघरात त्या मऊ! औषधाचा थेंबही न देता मऊ. आणि किती मऊ? जवळजवळ औषधाइतक्याच.

आता आला का घोटाळा लक्षात? पेशी औषधाने मऊ झाल्या होत्या, की जिना उतरल्याने?

गुणीच्या पायाखालची जमीन सरकली. प्रबंध गेला, तारीख गेली, पुढची नोकरी गेली, आणि दोन्ही मार्गदर्शकांना तोंड कसं दाखवायचं? ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. ती गप्प बसली असती तर कदाचित कधी कळलीही नसती. पण ती डोळे पुसत मॅडमसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, आता बाई फाडून खाणार.

मॅडमनी काय केलं माहीत आहे? त्यांनी खण उघडला, स्वतःसाठी लपवून ठेवलेला बिस्किटांचा पुडा काढला, तिला दिला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला म्हणे, की जणू नातवाचा पहिला दात दिसला. म्हणाल्या, "शाब्बास! आत्तापर्यंत नुसते आकडे गोळा करत होतीस. आता खरं काम सुरू झालं. खा."

मंडळी, मला कौतुक करायला बंदी आहे. मी कौतुक करत नाही. मी फक्त घडलं ते सांगते.

बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि मग जे युद्ध पेटलं त्याला तोड नाही. मी म्हटलं, "तळघर थंडगार आहे. माझ्या पेशींना तिथे हुडहुडी भरते." मॅडम म्हणाल्या, "थंडीने माणूस आखडतो, मऊ पडत नाही. दोष लिफ्टचा आहे. तुमची खोली लिफ्टला चिकटून, सगळं यंत्र हादरतं." त्यांनी अर्ज दिला आणि एक अख्खी सकाळ लिफ्ट बंद ठेवली. संचालकांचा गुडघा तेव्हा दुखत होता. ते पायऱ्या चढून आले, दर मजल्यावर थांबून भिंतीला काहीतरी बोलले, आणि आकडा काही हलला नाही. मग आम्ही तळघरात गरम हवेची यंत्रं लावली. आकडा जागचा हलेना. पट्ट्या बदलल्या. यंत्रं वर-खाली नेली. माझं यंत्र तळघरात गेलं तरी मी चालवलं की पेशी ताठ, मॅडमनी चालवलं की मऊ. म्हणजे घोळ खोलीत नव्हता, माणसात होता! आता तर दोघींच्या अंगाचा तिळपापड झाला.

रविवारी टेबलावर "मॅडम, मॅडम" इतकं वाढलं, की दादांचं जेवण कायमचं बाहेरच्या खोलीत हललं. शेवटी त्यांनी फतवा काढला: जेवताना जी 'पट्टी' हा शब्द उच्चारेल तिने भांडी घासायची. पहिल्याच रविवारी दोघींनी तो एकदमच उच्चारला. मग आम्ही मोरीपाशी शेजारी शेजारी उभ्या राहून भांडी घासत भांडलो. दादांना वाटलं, तिथे तरी समेट होईल. समेट झाला नाही, पण भांडी फार स्वच्छ निघायची.

इकडे गुणीची तारीख जवळ येत होती. प्रमुख पाहुण्यांचं पत्र आलं, फार सभ्य भाषेत. एका पेशीचे दोन आकडे घेऊन माझ्याकडे येऊ नये, एकच घेऊन यावं. मी गुणीला सांगितलं, माझा घे. मॅडमनी सांगितलं, माझा घे. आणि त्या दिवशी या आज्ञाधारक मुलीने आयुष्यात पहिल्यांदा आज्ञा मोडली. म्हणाली, "मला दोघींचा नको. मला पेशीचा हवाय."

मग तिने आम्हांलाच कामाला लावलं. ठरलं असं, की मॅडमनी मोजायचं आणि मी बाजूला बसून नुसतं बघायचं. नंतर मी मोजायचं आणि मॅडमनी बघायचं. बघणारीने तोंड उघडायचं नाही. हसू नका. आम्हांला तोंड न उघडता बसवणं हे त्या मुलीचं सगळ्यात मोठं संशोधन आहे.

मी तळघरात बसले. मॅडमनी नेहमीप्रमाणे आधी काच लावली. हे सगळेच करतात. काच कठीण, ती दबत नाही, म्हणजे पट्टी जेवढी खाली आणू तेवढी ती वाकणार. त्यावरून कळतं, की ठिपका एवढा सरकला म्हणजे पट्टी एवढी वाकली. पट्टीचा कडकपणाही पुढे याच आकड्याच्या आधाराने काढायचा. दिवसभराच्या मोजमापाचा पायाच तो. पट्टी खाली गेली, काचेवर टेकली, वाकली. मॅडमनी आकडा घेतला आणि चष्मा पुसायला लागल्या. पट्टी अजून वर येत होती! मला राहवेना. अट मोडून मी ओरडले, "अहो, ती अजून वर येतेय!"

मॅडम म्हणाल्या, "येऊ दे की. तिला काय घरची वाट माहीत नाही?"

"पण आकडा तर येतानाच घ्यायचा ना?"

"कोणी सांगितलं? आकडा जाताना घ्यायचा."

"आमच्याकडे येताना घेतात."

"आमच्याकडे जाताना."

इतकी वर्षं एकमेकींच्या स्वयंपाकघरात वावरलो, एकमेकींच्या मिठाच्या बरण्या ठाऊक, आणि ही गोष्ट दोघींनाही माहीत नव्हती. मी पेशी चिकटतात कुठे आणि सुटतात कुठे हे बघणारी, म्हणून माझं सगळं लक्ष पट्टी परत येताना. मॅडम दाब मोजणाऱ्या, त्यांचं लक्ष पट्टी खाली जाताना. मग आम्ही दोघींनी एकदम गुणीकडे पाहिलं. "तू गं? तू कुठला आकडा घेतेस?"

गुणी म्हणाली, "तळघरात जातानाचा आणि तिसऱ्या मजल्यावर येतानाचा. ज्यांच्या घरी जशी पद्धत."

गुणी, आता मान वर कर. अगं, लाजायचं काय त्यात? तुझ्याइतकी शहाणी मुलगी सासरी गेली असती तर घरात कधी भांडणच झालं नसतं. आणि कोणाला कधी काही कळलंही नसतं.

पण तुम्ही विचाराल, की तीच काच, तीच पट्टी, मग जाताना आणि येताना फरक का पडावा? यासाठी मी घरून सामान आणलंय. ही नातवाची लवचीक फूटपट्टी. हिच्या टोकाला खालून हे खोडरबर चिकटवलंय. ही झाली आपली पट्टी आणि ही गोळी. साहेब, तुमचा पाण्याचा पेला जरा बाजूला घ्या, जागा हवी. आता बघा, यंत्रात पट्टी आडवी सपाट नसते, थोडी तिरकी बसवतात, नाहीतर टोकाआधी दुसरंच काही टेकेल. ही मी तिरकी धरली आणि टेबलावर दाबली. रबराला काय वाटतं? पुढे घसरावंसं वाटतं. टेबल त्याला मागे धरतं. तिरकी पट्टी, खाली लोंबणारं रबर, तिथे ही ओढ लागली की टोकाचा कल जरासा कमी होतो. आता उचलते. रबराला मागे सरकायचंय, टेबल उलटं धरतं, टोकाचा कल जरासा वाढतो. आणि आपला लाल ठिपका बिचारा पट्टीची उंची सांगतच नाही, तो टोकाचा कलच सांगतो. म्हणजे जाताना घर्षण एका बाजूने खोटं बोलायला लावतं आणि येताना दुसऱ्या बाजूने.

नेहमीच्या बारीक सुईला हे जाणवत नाही. म्हणून इतकी वर्षं दोघींचं निभावलं. पण गोळी चिकटवली, टोक जाडजूड आणि लांब झालं, की हा घोळही वाढतो. जाताना ठिपका कमी सरकतो, म्हणून पट्टी आहे त्यापेक्षा मऊ ठरते आणि तिने मोजलेली पेशीही; येताना सगळं उलटं. म्हणून तळघरातली पेशी खऱ्यापेक्षा मऊ, तिसऱ्या मजल्यावरची खऱ्यापेक्षा ताठ. एकट्या मॅडम चुकीच्या नव्हत्या, एकटी मीही नव्हते. दोघीही सारख्याच चुकीच्या होतो, म्हणजे बघा, शेवटी एका बाबतीत आमचं एकमत झालं.

मॅडमना इतका आनंद झाला, की त्या उठून मला मिठी मारायला आल्या, आणि वाटेत त्यांना आठवलं की टेबलाला धक्का लागला तर गोळी जाईल. म्हणून त्या मध्येच थांबल्या आणि हात पसरून तशाच उभ्या राहिल्या. मी पण थांबले. यंत्राच्या दोन बाजूंना दोघी हात पसरून उभ्या, आणि मध्ये गुणी हसून हसून खाली बसलेली. तेवढ्यात दारात संचालक. फोन करून आले होते, पण फोन कोण घेणार? त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि सवयीने आधी श्वास रोखून धरला.

मग पुढचं काम कष्टाचं होतं पण सरळ होतं. काचेवर जातानाचा आकडा घ्यायचा, येतानाचाही घ्यायचा, आणि दोहोंच्या मधला धरायचा. घर्षण एकदा इकडे ओढतं, एकदा तिकडे, मध्ये ते जवळजवळ फिटतं. गुणीने सगळ्या पेशी पहिल्यापासून मोजल्या. औषधाच्या आणि बिनऔषधाच्या, दोन्ही खोल्यांत. शेवटचे आकडे जुळवत होती तेव्हा आम्ही दोघी तिच्या मागे उभ्या होतो, आणि खरं सांगते, माझ्या वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. आम्हांला आमच्या आकड्यांची पर्वा राहिली नव्हती. औषध खरंच काही करतं का, की त्या मुलीची सगळी वर्षं जिन्यात गेली, एवढंच कळायचं होतं.

औषध करतं! आधी वाटलं होतं तेवढं नाही. तिसरा हिस्सा म्हणत होतो त्यातला मोठा भाग घर्षणाने दिला होता. पण जो उरला तो दोन्ही खोल्यांत सारखाच उरला. लहान, पण खरा. गुणी रडली, मी रडले, मॅडम म्हणाल्या, "रडताय काय, तिकडे हवेत ओल वाढेल." आणि स्वतः पाठ फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

प्रमुख पाहुण्यांनी तो प्रबंध वाचला, आणि मी ऐकलंय की पद्धतीचं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं. बाई, तुम्ही मान हलवताय, म्हणजे खरं आहे. तेव्हापासून आपल्या इमारतीत या रीतीला विद्यार्थी 'नणंद-भावजय पद्धत' म्हणतात. नवीन मुलाने नुसता जातानाचा आकडा आणला तर त्याला विचारतात, "नणंद कुठे राहिली?" आम्हां दोघींच्या नावाने एवढं तरी उरलं.

मंडळी, आता थोडं गंभीर बोलते. थोडंच. मॅडमकडून मी काय शिकले? पट्टी नाही, पट्टी मला येत होती. मी हे शिकले, की चूक सापडली तर तोंड पाडायचं नाही, बिस्किटं काढायची. या इमारतीत चूक घेऊन खाली जाताना कोणाला भीती वाटली नाही, याचं कारण त्या तळघरात बसत होत्या. अवघडलेली, रडवेली मुलं जिना उतरायची आणि वर येताना खिशात बिस्किट असायचं. उद्यापासून त्या खोलीचा कारभार गुणी बघणार आहे. ती बघेल, उत्तम बघेल. पुडा कुठे लपवायचा हेही तिला दाखवून झालंय.

पण माझं काय? मी भांडू कोणाशी? दर रविवारी घरी भेटेन हो, पण घरच्या भांडणाला तळघराची सर नाही. हे मी गेल्या आठवड्यात दादांना म्हटलं, तर ते म्हणाले, "मग मी आत टेबलावर जेवायला येऊ का?" कोणाला कशाचं आणि कोणाला कशाचं!

म्हणून मी विचार केला. सकाळपासून आपण सगळे मॅडमना मोजतोय. किती काम केलं, किती मुलं घडवली, किती नाव कमावलं. छानच आहे. पण हे सगळं मोजमाप कधीचं? जातानाचं! आणि या संस्थेत जातानाचा एकटा आकडा चालत नाही, हा नियम खुद्द सत्कारमूर्तींच्या तळघरात झालेला आहे. तेव्हा शास्त्राला धरून मी जाहीर करते, की आजचा हा निरोप अपुरा आहे. येतानाचं मोजमाप झाल्याशिवाय तो धरता येणार नाही.

गुणीने मला सांगितलंय की सोमवारी नव्या पट्टीवर गोळी चिकटवायची आहे, आणि तिचा हात अजून थरथरतो. संचालक महोदय, निवृत्त माणसाला तळघराची किल्ली देता येत नाही हे आपण मघाशी चहाच्या वेळी फार नम्रपणे सांगितलंत. किल्ली नको. पण दार आतून गुणीने उघडलं, तर पाहुणी म्हणून आत यायला काही हरकत? मी उत्तरासाठी थांबते. सभागृहही थांबलंय. श्वास रोखून धरू नका, साहेब, नुसतं हो म्हणा.

हलली! मान हलली! सगळ्यांनी पाहिलं ना? खाली गेली, आणि परत वरही आली. मोजमाप पूर्ण.

आता आवरतं घेते. मला बोलू दिल्याबद्दल आयोजकांचे, पेला सांभाळल्याबद्दल अध्यक्षांचे, एकच आकडा मागितल्याबद्दल प्रमुख पाहुण्यांचे, आणि इतका वेळ ताट न उचलता बसल्याबद्दल दादांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाची थट्टा जास्त झाली असेल, शास्त्रात काही खालीवर झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. शास्त्रातल्या चुका मात्र पोटात घालू नका, सत्कारमूर्तींना दाखवा, त्यांना तीच भेट सगळ्यात जास्त आवडेल.

आणि वहिनी, रडायचं नाही ही तुझी अट मी पाळली. जाताना पाळली. सोमवारी तू दारात दिसलीस, की मग माझं काही सांगता येत नाही.